पालकांचे समाधान आणि मुलांचे मैदान

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की मुलांसाठी भरणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती शहरांतून, आणि आता मोठ्या खेड्यांतूनही, झळकू लागतात. संस्कारवर्ग, क्रीडाशिबिरे, साहससहली, नाट्य आणि नृत्य यांचे वर्ग असे नाना प्रकार त्यांत असतात. समारोपाच्या दिवशी पालकांना निमंत्रण जाते, दोघे-चौघे उठून समाधान व्यक्त करतात, छापील अभिप्रायपत्रके भरून घेतली जातात आणि ‘पालक अत्यंत समाधानी’ हा निष्कर्ष पुढील वर्षीच्या जाहिरातीत जाऊन बसतो. खासगी शिबिरांपुरती ही रीत समजण्यासारखी आहे. परंतु ग्रामपंचायत, नगरपरिषद, शाळा किंवा सार्वजनिक मंडळ यांच्या पैशाने व जागेवर चालणाऱ्या उपक्रमांनाही हाच एक मापदंड लावला जातो, तेव्हा जरा थांबून विचार करणे भाग पडते. पालकांचे समाधान ही क्षुल्लक बाब नव्हे. आईबापांचा विश्वास नसेल तर कोणताही उपक्रम टिकणार नाही. प्रश्न एवढाच आहे की हे समाधान नेमके कशाचे, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप त्या मुलामुलींच्या पदरात त्यामुळे काय पडते? मावळातील कुसगावसारख्या गावाकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

दुसऱ्यांचे क्रीडांगण

लोणावळ्याला लागून असलेले कुसगाव बुद्रुक हे आता निव्वळ भातशेतीचे गाव राहिलेले नाही. २००२ मध्ये पूर्णत्वास गेलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या परिसरातून जातो. खोपोली ते कुसगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ प्रकल्प हाती घेण्यात आला, तेव्हा त्याचे घाटमाथ्यावरील टोक म्हणून या गावाचे नाव राज्यभर झाले. गावाच्या हद्दीत उच्च शिक्षणाचे मोठे खासगी संकुल उभे आहे. शेजारच्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेले कैवल्यधाम आहे, तर १९४५ पासून आरमाराचे ‘शिवाजी’ हे प्रशिक्षण केंद्र आहे. शरीरशिक्षणाचा आणि शिस्तबद्ध कवायतीचा एवढा मोठा वारसा फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आला असेल. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले याच तालुक्यात आहेत, आणि त्यांपैकी लोहगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत झाला. भुशी धरण, पवनेचा जलाशय, पावसाळ्यात जागोजाग कोसळणारे धबधबे यांची ओढ मुंबई-पुण्याच्या लाखो लोकांना आहे.

थोडक्यात, हा सारा प्रदेश दोन महानगरांचे क्रीडांगण झाला आहे. शहरातील मुले पैसे भरून येथे शिबिराला येतात, दोराने कडा उतरतात, तळ्याकाठी तंबूत राहतात आणि समाधानाने परत जातात. याच वेळी येथील पंधरा-सोळा वर्षांची मुले काय करीत असतात? कोणी वाहनतळावर गाड्या लावून देतो, कोणी कणसे भाजतो, कोणी तंबू ठोकण्याच्या आणि जेवण वाढण्याच्या कामावर असतो. कष्टाची लाज बाळगण्याचे कारण नाही आणि घराला त्या पैशाची गरज असते, हेही खरे. तरीही, ज्या शनिवार-रविवारी शहरातील मूल खेळते त्याच शनिवार-रविवारी मावळातील मूल त्याच्या खेळाची व्यवस्था ठेवते, ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही. जमिनीचे भाव चढले, मोकळ्या जागा कुंपणात गेल्या, गुरे चारण्याचे माळ बंगल्यांच्या आणि विश्रांतिगृहांच्या खाली गेले. पूर्वी गावात क्रीडांगण नावाची वेगळी जागा नसे, कारण तिची गरज नसे. खळे, माळ, ओढा आणि देवळापुढचे पटांगण यांवर मुलांचा हक्क कोणी लिहून दिला नव्हता, पण तो कोणी नाकारीतही नव्हते. आता तो लिहून घेण्याची वेळ आली आहे.

गावाला करमणूक नाही असे मात्र कोणी म्हणू नये. ग्रामदैवताचा उत्सव, त्यातील कुस्त्यांचा आखाडा, गणेशोत्सव, नवरात्र, भजनी मंडळे हे सारे आहेच. २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिल्यापासून बैलगाड्यांचे घाटही पुन्हा गजबजू लागले आहेत. त्याशिवाय महाराष्ट्रभर अलीकडे रूढ झालेला प्रकार म्हणजे कोणा स्थानिक पुढाऱ्याच्या नावाचा क्रिकेटचा ‘चषक’. चार दिवस मंडप, ध्वनिवर्धक, समालोचन, रोख बक्षिसे आणि फलक. या सर्वांत एक समान सूत्र आहे: ते प्रसंग आहेत, सराव नव्हे. वर्षातील काही दिवस मोठा गाजावाजा होतो. उरलेल्या तीनशे दिवसांच्या संध्याकाळी मुलांनी जायचे कोठे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. आणि यांतील बहुतेक प्रसंगी गावातील मुली फार तर प्रेक्षक असतात.

समाधान कशाचे?

पालकांना विचारले तर ते समाधान व्यक्त करतील काय? बहुधा करतील. येथेच मापदंडाचा दोष उघड होतो.

पहिली गोष्ट अशी की समाधान हे अपेक्षेवर अवलंबून असते. ज्या गावात काहीच नव्हते तेथे वर्षातून एक स्पर्धा झाली तरी आनंद होतो. ज्यांना दीर्घकाळ थोडक्यात भागवावे लागले ते थोडक्यात संतोष मानायला शिकतात, म्हणून केवळ समाधानावरून माणसाचे हित मोजू नये, हे अमर्त्य सेन यांनी आपल्या लेखनातून वारंवार बजावले आहे. एखाद्या उपक्रमाबद्दल पालक समाधानी आहेत यावरून तो उपक्रम चांगला आहे असे सिद्ध होत नाही. त्या पालकांनी यापूर्वी याहून बरे पाहिलेले नाही, एवढाही त्याचा अर्थ असू शकतो.

दुसरी गोष्ट, प्रश्न कोणाला विचारला जातो? जी मुले शिबिरात आली त्यांच्याच पालकांना. ज्यांना शुल्क परवडले नाही, ज्यांची वस्ती लांब पडते, ज्यांच्या मुलीला संध्याकाळी घराबाहेर पाठवणे धोक्याचे वाटले, ज्यांचा मुलगा त्या वेळी कामावर होता, त्यांच्यापर्यंत अभिप्रायपत्रक पोचतच नाही. दुकानातून माल घेऊन बाहेर पडणाऱ्यांनाच किंमत परवडली काय असे विचारण्यासारखे हे आहे. सार्वजनिक उपक्रमाची खरी परीक्षा न आलेल्यांच्या यादीवरून व्हायला हवी.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पालक आणि मूल यांचे हित पुष्कळसे एक असले तरी सर्वस्वी एक नसते. पालकाला हवे असते की मूल सुखरूप राहावे, वाईट संगतीपासून दूर असावे, शक्यतो अभ्यासात उपयोगी पडेल असे काही शिकावे आणि घरी येऊन शिस्तीने वागावे. मुलाला हवे असतात मित्र, मोकळीक, थोडे धाडस आणि स्वतःच्या मनाने वेळ घालवण्याची मुभा. या दोन्ही मागण्या रास्त आहेत. परंतु उपक्रम चालवणाऱ्याला पालकाकडून पैसे किंवा पाठिंबा मिळत असल्याने तो पालकाला दिसेल असे काहीतरी देण्याकडे झुकतो. समारोपाचे संचलन, पाठ केलेली स्तोत्रे, प्रमाणपत्रे, छायाचित्रे ही पालकांच्या समाधानाची सामग्री आहे. मुलांनी स्वतः ठरवून खेळलेला, वाद झाला तर आपसांत मिटवलेला आणि कोणालाही न दाखवलेला खेळ कोणत्याच अहवालात येत नाही. आणि वाढीच्या दृष्टीने त्याचेच मोल अधिक असण्याचा संभव असतो. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचा पाया घालताना मुलाच्या स्वयंस्फूर्त कृतीवर जो भर दिला, त्याचे हेच मर्म होते. वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत आपण ते पुरते विसरलो आहोत.

मुलींच्या बाबतीत पालकांचे समाधान आणि मुलीचे हित यांतील अंतर आणखी वाढते. मुलगी घरात आहे याचेच पुष्कळ पालकांना समाधान असते. केंद्र शासनाने २०२४ मध्ये केलेल्या कालविनियोग पाहणीनुसार सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया घरकाम करतात त्यांचा त्यात दररोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो; घरकाम करणाऱ्या पुरुषांचा जातो ८८ मिनिटे. आईच्या या ओझ्याचा एक वाटा मुलीकडे लवकरच येतो. मैदान असले, प्रशिक्षक असला आणि शुल्क माफ असले, तरी संध्याकाळची वेळच हाती नसेल तर त्या मुलीला त्याचा काय उपयोग? तेव्हा उपक्रमाची वेळ, जाण्यायेण्याची सोबत, स्त्री प्रशिक्षक आणि स्वच्छतागृह या तपशिलाच्या बाबी नसून मुलीच्या दृष्टीने तोच मुख्य प्रश्न आहे.

आवाज आणि पळवाट

आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक मोठा उपयुक्त विचार मांडला. एखाद्या संस्थेचा कारभार घसरला म्हणजे तिच्या लाभार्थींपुढे दोन मार्ग असतात: ती सोडून दुसरीकडे जाणे, किंवा तेथेच राहून तक्रार करणे. ज्यांना सोडून जाणे सहज जमते ते बहुधा अधिक जाणकार आणि बोलके असतात. ते गेले की मागे राहिलेल्यांचा आवाज क्षीण होतो आणि संस्था सुधारण्याची शक्यताही मावळते. आपल्या सरकारी शाळांच्या बाबतीत हे घडलेले आपण पाहिले. मुलांच्या खेळाच्या बाबतीतही तेच घडत आहे. ज्या पालकांना ऐपत आहे ते मुलाला पोहण्याच्या खासगी तलावावर, क्रिकेटच्या अकादमीत किंवा निवासी शिबिरात घालतात. गावाच्या मैदानावर अतिक्रमण झाले तर त्यांचे काही अडत नाही. ज्यांचे अडते त्यांना ग्रामसभेत उठून बोलण्याची सवय नाही.

हा प्रश्न काही एखाद्या कुटुंबाच्या खासगी आवडीनिवडीचा नाही. मुलांचा खेळ ही अशी वस्तू आहे की तिचा लाभ खेळणाऱ्यालाच नव्हे, तर साऱ्या समाजाला होतो; आणि जो तिचा खर्च करतो त्याला तो लाभ पुरता वसूल करता येत नाही. म्हणून बाजारावर सोडली तर ती पुरेशी निर्माण होत नाही. अकरा ते सतरा वयोगटातील १४६ देशांतील मुलामुलींची आकडेवारी तपासून जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की १०० पैकी ८१ जणांची शारीरिक हालचाल आवश्यकतेपेक्षा कमी आहे. दररोज सरासरी एक तास ही त्या संघटनेची किमान अपेक्षा. हा तास घरोघरी वेगवेगळा विकत घेता येणार नाही. त्यासाठी सामाईक जागा आणि सामाईक व्यवस्था लागते.

कायद्याच्या दृष्टीनेही ही कृपेची बाब राहिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने विश्रांती, खेळ आणि करमणूक हा मुलाचा हक्क मानला. भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असण्याची अट आहे. मात्र त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांची जी यादी केली, तिच्यात सांस्कृतिक कार्यक्रम आहेत, ग्रंथालये आहेत, जत्रा आहेत. खेळ हा शब्द स्वतंत्रपणे नाही. शब्द नाही म्हणून अधिकार नाही असे नव्हे, पण अंदाजपत्रकात जागा मिळवताना त्याची उणीव भासते. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांना बांधलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांत रस्ता, दिवे, गटार यांच्या रांगेत मैदानाचा क्रम शेवटचा लागणार हे उघड आहे.

धोक्याची किंमत

मावळात हा विषय केवळ आरोग्याचा आणि करमणुकीचा नाही, जीविताचाही आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जण मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनांनंतर जमावबंदीचे आदेश निघतात, फलक लागतात, काही दिवस पोलीस उभे राहतात. मनाई आवश्यक असते. पण मनाई म्हणजे व्यवस्था नव्हे. पाण्याच्या काठी वाढणाऱ्या मुलाला पाणी कसे ओळखावे हे शिकवले नाही, तर फलकाने त्याचे रक्षण होणार नाही.

या बाबतीत तालुक्याजवळ जे ज्ञान आहे ते दुर्मीळ आहे. लोणावळ्यातील ‘शिवदुर्ग मित्र’ या संस्थेचे गिर्यारोहक दरीत पडलेल्यांना आणि पुरात अडकलेल्यांना वाचवण्यासाठी रात्री-अपरात्री धावून जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. पोहणे, दोरकाम, प्रथमोपचार, पावसाळी ओढ्याचा अंदाज घेणे ही विद्या तालुक्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेत पोचवणे अशक्य नाही. तीत मुलांना हवे असलेले धाडस आहे आणि पालकांना हवी असलेली सुरक्षितताही आहे. शिवाय पुढे साहसपर्यटनात उपजीविका करावयाची झाली, तर गाडी लावून देणाऱ्या पोऱ्याऐवजी प्रशिक्षित मार्गदर्शक म्हणून उभे राहण्याची ती पहिली पायरी ठरेल. साहसी उपक्रमांसाठी शासनाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये सुरक्षिततेचे नियम काढले, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. हे नियम येण्यापूर्वी, साहससहलीत अपत्य गमावलेल्या पालकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. त्यांचे असमाधान सार्वजनिक झाले नसते तर हे नियम कदाचित आलेच नसते. पालकांच्या समाधानापेक्षा त्यांच्या जागरूक असमाधानाने मुलांचे अधिक भले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आपल्याकडचा वारसा

या कामाचे नमुने परदेशातून आणण्याची आवश्यकता नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने संध्याकाळच्या मोकळ्या मैदानावर जात-धर्म न पाहता मुलामुलींना एकत्र खेळवले. मुलीला शाखेत पाठवणे त्या काळच्या अनेक पालकांना रुचले नव्हते, पण त्या शाखांतून पुढे आलेल्या स्त्री-कार्यकर्त्यांनी महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनावर ठसा उमटवला. पालकांच्या तात्कालिक पसंतीवरच सारे सोडले असते तर हे घडले नसते. मुंबईच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात उभारलेल्या नेबरहूड हाउसने गरीब वस्तीतील मुलांना बास्केटबॉलची गोडी लावली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या वस्तीतून नामवंत खेळाडू निघाले. १९५३ च्या कायद्यानुसार चालणाऱ्या कामगार कल्याण केंद्रांनी गिरणगावातील मुलांना वाचनालय, व्यायामशाळा आणि रंगभूमी दिली. पुण्याच्या गरवारे बालभवनाने शोभा भागवत यांच्या मार्गदर्शनाखाली मुलांच्या मुक्त खेळाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि पालकांशी संवाद हा आपल्या कामाचाच भाग मानला.

या सर्व संस्थांत काही गोष्टी समान होत्या. त्या रोज चालत. त्यांना ठरलेली जागा होती. मुलांना ओळखणारा, नावाने हाक मारणारा कार्यकर्ता तेथे असे. आणि इमारतीपेक्षा या माणसाला महत्त्व होते. आज नेमका हाच क्रम उलटला आहे. संकुलाच्या भूमिपूजनाला पैसा मिळतो, कारण भूमिपूजन होते. प्रशिक्षकाच्या दरमहा वेतनाला मिळत नाही, कारण त्याची कोनशिला बसत नाही. भांडवली खर्चाला हौस आणि आवर्ती खर्चाला हात आखडता, ही आपल्या सार्वजनिक वित्तव्यवहाराची जुनी खोड आहे.

परदेशातील एकच उदाहरण घेण्यासारखे आहे, ते पालकांच्या भूमिकेसाठी. आइसलँडमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी मागील महिन्यात मद्यपान करून झिंगलेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते. २०१६ मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. तेथील शासनाने खेळ, संगीत आणि कला यांच्या नियमित वर्गांना अनुदान दिले, मुलांचीच दरवर्षी पाहणी करून निष्कर्ष शाळाशाळांतून मांडले आणि पालकांच्या संघटनांना कामाला लावले. रात्रीच्या वेळी पालक गटागटाने वस्तीतून फेरी मारीत. पालकांनी समाधान व्यक्त करावे अशी तेथे अपेक्षा नव्हती. त्यांनी वाटा उचलावा अशी होती. तो देश लहान आणि संपन्न आहे, हे मान्य. पण संध्याकाळी आपली मुले कोठे आहेत हे गावाने मिळून पाहणे, ही कल्पना मावळाला परकी नाही आणि तिला फारसा पैसाही लागत नाही.

काय करता येईल

पहिले काम जागेचे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनी अतिक्रमणांतून सोडवून गावाच्या उपयोगासाठी राखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्या आधारे प्रत्येक ग्रामपंचायतीने मुलांच्या खेळाची जागा मोजून, हद्द कायम करून, ग्रामसभेच्या ठरावाने नोंदवून ठेवावी. जेथे जमिनीला मुंबईचा भाव येतो तेथे हे काम आज झाले नाही तर दहा वर्षांनी करता येणार नाही. तोवर शाळांची पटांगणे संध्याकाळी उघडी ठेवण्यास काय हरकत आहे? शाळेची घंटा झाली की फाटकाला कुलूप घालणे ही सार्वजनिक मालमत्तेची उधळपट्टीच आहे.

दुसरे काम पैशाचे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. त्या कार्याच्या यादीत ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण स्पष्टपणे आहे. तळेगाव आणि पिंपरी-चिंचवडचे कारखाने मावळाच्या दारात आहेत. पर्यटकांकडून वाहनतळाचे शुल्क घेतले जाते तेथे त्यातील काही भाग गावच्या मुलांच्या खेळासाठी राखून ठेवावा. ज्यांच्या करमणुकीने गावाची मोकळी जागा आटली त्यांनी त्याची थोडी भरपाई करणे न्याय्यच आहे. हा पैसा आधी प्रशिक्षकाच्या, त्यातही स्त्री प्रशिक्षकाच्या, मानधनासाठी वापरावा. भिंती नंतर बांधाव्यात.

तिसरे काम देखरेखीचे, आणि येथे पालकांचा खरा अधिकार सुरू होतो. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. गावच्या क्रीडा-उपक्रमांवरही अशीच समिती का असू नये? तिच्यात चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींचे प्रतिनिधी असावेत. आपण समाधानी आहात काय, हा प्रश्न तिने विचारूच नये. तिने विचारावे की या महिन्यात किती दिवस मैदान उघडे होते. आलेल्यांत मुली किती होत्या. वाड्या-वस्त्यांवरील आणि परप्रांतीय मजुरांची मुले किती होती. मधूनच यायचे कोण थांबले आणि का. प्रशिक्षकाची पूर्वचौकशी झाली आहे काय, आणि काही अनुचित घडले तर २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार कोठे करावयाची हे मुलांना सांगितले आहे काय. या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देता येतात आणि त्यांना गोड बोलून टाळता येत नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची कायदेशीर तरतूद आहे. ही उत्तरे प्रथम त्या सभेपुढे वाचली जावीत, कारण मुलीला संध्याकाळी कोठे पाठवावे हे ठरवणारी आई त्या सभेत मोकळेपणाने बोलू शकते.

पिण्याचे पाणी आणि पक्का रस्ता यांआधी खेळाचा विचार करणे ही चैन आहे, असा आक्षेप घेतला जाईल. पण पाणी-रस्त्यांची कामे काही वर्षांनी उशिरा झाली तरी होतात आणि त्यांचा लाभ मिळतो. मुलाचे तेरावे ते अठरावे वर्ष मात्र थांबत नाही. त्या पाच-सहा वर्षांत त्याला मैदान, मित्र आणि मार्गदर्शक मिळाले नाहीत, तर पुढे बांधलेले संकुल त्याच्या उपयोगाचे नसते. कुसगावच्या अवतीभवती आज जी मुले शाळेत आहेत त्यांच्याजवळ ही पाच-सहा वर्षेच आहेत.

शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार आणि शेतकरी अशा सामान्य पालकांनी यापुढे समारोपाच्या सभेत आभार जरूर मानावेत. कार्यकर्त्यांच्या कष्टांची कदर झालीच पाहिजे. मात्र आभारानंतर एक प्रश्नही विचारावा: उद्या संध्याकाळी मैदान उघडे असेल काय, आणि शेजारच्या वस्तीवरील मुलगी तेथे येऊ शकेल काय? या प्रश्नाला होकारार्थी उत्तर मिळेपर्यंत पालकांनी आपले समाधान राखून ठेवले, तर ते मुलांचे मोठेच हित करतील.